छत उघडं ठेवून एसी लावला तर कंप्रेसर जळतो का?

विचारणारे भाऊ आपल्या नाशिकचेच आहेत. सेकंडहँड मिनी कूपर कन्व्हर्टिबल घेतली, गंगापूर रोडला राहतात, आणि आता ऐन मे महिन्यात दुपारी छत उघडून एसी लावून फिरतात. मेव्हणा रोज टोमणे मारतो की आख्खं नाशिक थंड करायला निघालात का, कंप्रेसर जळेल, पेट्रोल पिईल. आणि त्यांना स्वतःला पण शंका आलीये की छत उघडलं की कूलिंग मार खातं, म्हणजे गॅस कमी झालाय, टॉपअप करून घ्यावा का.

आधी उत्तर सांगतो मग बाकीचं. कंप्रेसर जळत नाही. पेट्रोल थोडं जास्त जातं, पण मेव्हणे म्हणतात तेवढं नाही. आणि गॅस अजिबात भरू नका, निदान छत लावून एकदा चेक केल्याशिवाय तर नाहीच नाही. ह्या तिसऱ्या गोष्टीवर मी स्वतः तोंडघशी पडलेलो आहे, पुढे सांगतो.

मी कार एसीचंच काम करतो, २४ वर्षं झाली, द्वारकेच्या बाजूला छोटं गॅरेज आहे. कन्व्हर्टिबल आपल्याकडे रोज येणारी गाडी नाही, पण सॉफ्ट टॉपच्या जीपा, थार, आणि अधूनमधून मिनी किंवा एखादी बीएमडब्ल्यूची झेड-फोर असं येत राहतं, आणि प्रत्येकाचा प्रश्न हाच असतो.

आता बघा, लग्नाच्या मांडवात ते मोठे कूलर लावतात ना, ड्रमएवढे. मांडव चारी बाजूंनी उघडा, वरून पत्रा तापलेला, कूलर काय आख्खा मांडव थंड करतो का? नाही. पण त्याच्या समोरच्या दोन रांगांत खुर्ची मिळवायला मामा-काकांची मारामारी असते. उघड्या गाडीतला एसी हा मांडवातला कूलर आहे. बंद गाडीत एसी गाडी थंड करतो आणि गाडी तुम्हाला थंड ठेवते. उघड्या गाडीत मधली पायरीच उडाली, एसीला थेट तुमच्या अंगावर काम करायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळ्या कुठे वळवायच्या, काच वर ठेवायची की खाली, कूलिंग कमी का वाटतं, सगळ्याचं उत्तर आपोआप मिळतं.

कंप्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, आधी मिटवू. बंद गाडीत तुम्ही रिसर्क्युलेशन लावता, म्हणजे आतलीच थंड झालेली हवा परत कूलिंग कॉइलवर जाते, ती आणखी थंड होते, असं करत करत दहा-पंधरा मिनिटांत कॉइल इतकी गार होते की आता बर्फ धरेल. तिथे एक सेन्सर असतो, साधारण ३-४ डिग्रीला तो कंप्रेसरला सांगतो बस कर बाबा, आणि कंप्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच सुटतो. त्याला आम्ही कट-ऑफ म्हणतो, जुन्या गाडीत तो टक्क असा आवाज येतो आणि इंजिन जरा हलकं होतं, तोच. नव्या गाड्यांत बऱ्याच वेळा व्हेरिएबल कंप्रेसर असतो, तो पूर्ण बंद न होता आपला स्ट्रोक कमी करतो, म्हणजे दर फेरीला कमी गॅस दाबतो. छत उघडं असलं की कॉइलवर येणारी हवा बाहेरचीच, ३८ डिग्रीची, ती काही केल्या ३-४ डिग्रीला जात नाही, मग कट-ऑफ होतच नाही आणि कंप्रेसर सलग फुल लोडवर चालतो. लोकांना वाटतं सलग चालला म्हणजे जळणार. अहो पण तो सलग चालण्यासाठीच बनवलाय. नागपूरची टॅक्सी मे महिन्यात दिवसभर काय करते? दर सवारीला दार उघडतं, गाडी तापते, आणि कंप्रेसर सकाळपासून रात्रीपर्यंत ओढत असतो. वर्षानुवर्षं.

अजून एक गोष्ट सांगतो जी मेव्हण्यांना ऐकवा. एसीचा परफॉर्मन्स चेक करायची जी पद्धत बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे दिलेली असते, उदाहरणार्थ टोयोटाची, तिच्यात लिहिलेलं असतं की गाडीचे सगळे दरवाजे पूर्ण उघडे ठेवा, ब्लोअर फुल, टेंपरेचर एकदम कमी, रिसर्क्युलेशन, इंजिन १५०० आरपीएमला, आणि मग प्रेशरचे गेज वाचा. दरवाजे उघडे कशासाठी? लोड सारखा राहावा म्हणून, मधेच कट-ऑफ होऊन काटे नाचू नयेत म्हणून. म्हणजे कंपनी स्वतः जवळपास तीच परिस्थिती मुद्दाम तयार करते जी तुम्ही छत उघडून करता. त्यात कंप्रेसर जळत असता तर असं कोणी छापलं असतं का?

कंप्रेसर मरतो तो दुसऱ्याच कारणांनी. सगळ्यात मोठं कारण गॅस लीक. कंप्रेसरचं ऑइल वेगळ्या टाकीत नसतं, ते गॅसबरोबर सगळ्या सिस्टिममधे फिरतं, गॅस कमी झाला की ऑइल परत येत नाही आणि कंप्रेसर कोरडा घासतो. दुसरं, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरच्या पुढची जाळी) फॅन बंद पडणं किंवा कंडेन्सर मातीने बुजणं. तिसरं म्हणजे आमच्याच लाइनमधले अर्धवट कारागीर, जे व्हॅक्यूम न मारता गॅस ढोसतात, आत हवा आणि ओल राहते, आणि मग वर्षभरात सगळं गंजतं. आणि चौथं कारण ओव्हरचार्ज, म्हणजे गरजेपेक्षा जास्त गॅस, ज्याची गोष्ट आता सांगतो.

तेव्हा गॅरेज टाकून तीन-चारच वर्षं झाली होती, आणि मला वाटायचं मला सगळं येतं. एक गिऱ्हाईक सॉफ्ट टॉपची जीप घेऊन आलं, कंपनीचा नाही, बाहेरून बसवून घेतलेला एसी, हूड (कापडी छत) मागे गुंडाळलेलं. म्हणे साहेब कूलिंग कमी झालंय. मी जाळीत थर्मामीटर घातला, १६ दाखवतोय. बंद गाडीत मला ७-८ बघायची सवय, मग मी काय म्हणणार, गॅस कमी आहे. गेज लावले तर लो साइडला (कंप्रेसरकडे येणारा गॅस) ३५, हाय साइडला (कंप्रेसरमधून निघणारा) २३० पीएसआय, म्हणजे खरं तर चोख होतं, पण माझ्या डोक्यात १६ बसलेलं. थोडा गॅस मारला. १५ वर आलं. मला वाटलं बघा, फरक पडतोय. अजून मारला. हाय साइडचा काटा ३०० च्या पुढे गेला तेव्हा पण मी थांबलो नाही, ऊन आहे म्हटलं. गिऱ्हाईक खुश होऊन मुंबईला गेलं. परत येताना कसारा घाट चढताना, पुढे ट्रकची रांग, गाडी पहिल्या गियरमधे, आणि दर दोन मिनिटांनी एसी बंद. प्रेशर स्विच, दाब फार वाढला की कंप्रेसर बंद करणारा, बिचारा जीव वाचवत होता. नशीब तो स्विच चांगला होता. दुसऱ्या दिवशी ते आले, मी जास्तीचा गॅस काढला, आणि मग सहज म्हणून हूड लावून, पडदे लावून, दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. थर्मामीटर ८ वर आला. एसी पहिल्यापासून ठणठणीत होता, मीच मांडवात उभा राहून बंद खोलीचं गणित करत होतो. पैसे परत दिले. त्या दिवसापासून उघड्या गाडीची कूलिंगची तक्रार आली की मी आधी म्हणतो, छत लावा.

तर तुमच्यासाठी पण तेच. छत लावा, काचा लावा, रिसर्क्युलेशनवर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, मधल्या जाळीत साधा किचनचा थर्मामीटर खोचा. ५ ते ९ च्या मधे आलं तर तुमचा गॅस एकदम बरोबर आहे. मग छत उघडल्यावर तोच थर्मामीटर १२ ते १६ दाखवेल, दुपारी त्याहून थोडा वर, आणि ते बरोबरच आहे. छत लावून पण १५ च्या खाली येत नसेल तर मात्र गाडी दाखवायला हवी. आणि भरायची वेळ आलीच तर बोनेटच्या आत स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममधे लिहिलेलं असतं, तेवढाच वजन करून भरायचा. गॅसचं नाव नीट वाचा कारण नव्या युरोपियन गाड्यांत आर-१३४ए ऐवजी आर-१२३४वायएफ असतो, तो महाग आहे आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे नसतात. "अंदाजाने दोन डबे मारतो" म्हणणाऱ्याकडून चावी परत घ्या आणि निघा.

१२-१६ का येतं ते पण सांगतो, कारण त्यात आपल्या नाशिकच्या हवेचा मोठा भाग आहे. गाडीचा एसी साधारण एक ते दीड टनाचा धरा, एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट. म्हणजे तुमच्या एवढ्याशा मिनीत जवळपास बेडरूमएवढा एसी बसवलाय, कारण उन्हात उभी गाडी भट्टी असते. फुल ब्लोअरवर तासाला ४०० घनमीटरच्या आसपास हवा कॉइलवरून जाते. ती ३८ वरून १२ वर आणायला मोटामोटी ३ किलोवॅट लागतात. म्हणजे आरामात जमतं. पण हे कोरड्या हवेचं झालं. हवेत ओल असली की कॉइलवर त्याचं पाणी होतं, आणि वाफेचं पाणी करायला प्रचंड ताकद जाते, एक लिटर पाणी काढायला जवळपास २४०० किलोज्यूल.

आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी जवळपास धरतच नाही. ह्यावरून सुद्धा गिऱ्हाईकं घाबरून येतात, की दादा गाडीखाली पाणी पडत नाही, गॅस गेला. अहो गॅस नाही गेला, हवेत पाणीच नाही तर पडणार कुठून. तीच गाडी घेऊन कसारा उतरा, शहापूरच्या पुढे भिवंडीपर्यंत जा, खाली डबकं साचेल. आणि तिथे छत उघडून एसी लावला तर एसीची अर्ध्याहून जास्त ताकद नुसतं पाणी पिळण्यात जाते, थंडाव्याला उरतं काय. मुंबईचे कन्व्हर्टिबलवाले "उघड्यावर एसी काही कामाचा नाही" म्हणतात ते त्यांच्या जागी खोटं नाही. नाशिकला जमतं, छत्रपती संभाजीनगरला जमतं, मरीन ड्राइव्हला जूनमधे नाही जमत.

आता हवा गाडीत फिरते कशी, हे बघण्यासारखं आहे. लोकांना वाटतं वारा पुढून येतो आणि मागे जातो. एक करून बघा, लोकरीचा वीतभर धागा घ्या, ड्रायव्हर सीटच्या हेडरेस्टला टेपने चिकटवा, आणि ६०-७० ने गाडी चालवताना शेजारच्याला त्याच्याकडे बघायला सांगा (तुम्ही नका बघू). धागा मागे उडायच्या ऐवजी पुढे, तुमच्या कानाकडे येतो! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पण वाटलं धागा उलटा चिकटवला की काय. होतं असं की पुढची काच वाऱ्याला डोक्यावरून उडवते, काचेमागे पोकळी होते, आणि ती भरायला हवा मागच्या सीटवरून वळसा घालून पुढे येते. मानेवर जो गरम झोत लागतो तो हा. आणि तोच तुमची मांडीवरची थंड हवा उचलून बाहेर फेकतो.

म्हणून विंड डिफ्लेक्टर. सीटच्या मागे लागणारी ती जाळी. मिनीला ती मागच्या सीटवर आडवी बसते, म्हणजे मागे माणूस बसू शकत नाही, पण दोघंच असाल तर लावाच. सेकंडहँड गाडीबरोबर बऱ्याचदा मिळत नाही, आधीच्या मालकाच्या माळ्यावर पडलेली असते, विचारून बघा. ह्या जाळीने एसीत जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही गॅसने पडत नाही. चारी काचा वर ठेवा. छत खाली आणि काचा वर, बघणाऱ्याला जरा विचित्र दिसतं, कॉलेज रोडवर पोरं हसतील, पण काचा वर असल्या की गाडीचं टब होतं, आणि थंड हवा जड असते, ती टबच्या तळाशी बसते, पाय-मांडीपाशी. कमरेपासून खाली तुम्ही गारेगार आणि वर मोकळं आभाळ, हीच तर मजा आहे.

डॅशबोर्डवरच्या जाळ्यांचं सांगतो. चेहऱ्याकडे मारू नका, चेहऱ्यापाशी वारा सगळं उडवून नेतो. मधल्या दोन पोटाकडे आणि मांडीकडे, बाजूच्या दोन स्टिअरिंगवरच्या हातांकडे, आणि पायाचा मोड चालू. पोट, मनगट, हाताची आतली बाजू, इथे गार लागलं की सगळं शरीर गार वाटतं. स्पीडचं म्हणाल तर ६०-७० पर्यंत हा सगळा खेळ छान चालतो, ९० च्या पुढे टबमधलं पण उपसलं जातं आणि मग फक्त जो झोत थेट अंगावर पडतो तेवढाच तुमचा. हायवेला लागलात, लांब जायचंय, ऊन आहे, तर सरळ छत लावा. कन्व्हर्टिबल म्हणजे छत उघडता येतं, उघडलंच पाहिजे असं नाही.

रिसर्क्युलेशन लावायचं की बाहेरची हवा, ह्यावर दोन मतं आहेत. माझं म्हणणं, हळू चालत असाल आणि काचा वर असतील तर रिसर्क्युलेशन. का, तर रिसर्क्युलेशनची हवा बहुतेक गाड्यांत डाव्या सीटच्या पायापाशी, ग्लोव्हबॉक्सच्या खालून ओढली जाते, आणि आपण आत्ताच म्हटलं तिथेच तर थंड हवा साचते. म्हणजे छत उघडं असून पण थोडी तरी वापरलेली थंड हवा परत मिळते. बाहेरची हवा काचेच्या बुडापाशी, बोनेटला लागून आत येते, सिग्नलला उभं असताना तिथे इंजिनचा गरम वाफारा असतो. मुंबई नाक्यावर उभं राहून दोन्ही करून बघा, थर्मामीटर दोन-तीन डिग्रीचा फरक दाखवतो.

ऑटो मोडबद्दल थोडं. स्टिअरिंगच्या जवळपास एक छोटी जाळी असते, त्याच्या मागे केबिनचा सेन्सर, आणि डॅशबोर्डवर काचेजवळ उन्हाचा सेन्सर. साध्या गाडीत छत उघडलं की केबिन सेन्सरला बाहेरचंच तापमान दिसतं, तो म्हणतो अजून गार झालंच नाही, आणि ब्लोअर फुल मारत राहतो. बीएमडब्ल्यू आणि मिनीच्या ऑटोमॅटिक एसीत ह्यासाठी कन्व्हर्टिबल मोड असतो, छत उघडलं की एसीचं गणित बदलतं, स्पीड वाढला की हवा पण वाढते. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनी धरलेलंच आहे की लोक छत उघडून एसी लावणार. थारमधे असलं काही नाही, तिथे मॅन्युअलवर ठेवा आणि हाताने सांभाळा.

थारचा विषय निघालाच आहे तर, २०२० ची थार, जी इथे आपल्याच नाशिकच्या प्लांटमधे बनते, तिच्यात कन्व्हर्टिबल सॉफ्ट टॉप पण होता. तिची पुढची काच जवळपास उभी, तुमच्या मिनीसारखी डोक्यावरून वारा उडवणारी नाही, आणि बाकी सगळं चौकोनी, त्यामुळे आत वावटळ जास्त. मित्रांनो थार उघडून ८० ने एसी लावून "गार होत नाही" म्हणून माझ्याकडे येऊ नका, तो एसीचा दोष नाही. ४० ने गंगापूर धरणाच्या रस्त्याला फिरा, मस्त लागतो.

पेट्रोल. फुल लोडवर कंप्रेसर दोन-तीन किलोवॅट खातो, म्हणजे तीन-चार हॉर्सपॉवर. त्याला तासाला लिटरभर पेट्रोल धरा. बंद गाडीत एकदा गार झाल्यावर तो निम्म्यावर येतो, उघड्यावर येत नाही, म्हणजे फरक तासाला अर्ध्या लिटरचा, जास्तीत जास्त पाऊण. तुम्ही तासभर फिरलात तर त्याचा हिशोब मेव्हण्यांनाच करू द्या, आणि मग त्यांना विचारा की कॅनडा कॉर्नरला मिसळ खाताना गाडी चालू ठेवून फोनवर किती वेळ बोलतात. शिवाय हायवेला छत उघडल्याने वारा जो अडतो त्याला पेट्रोल वेगळं लागतंच. आता इलेक्ट्रिक कन्व्हर्टिबल पण आली आहे, एमजीची सायबरस्टर, २०२५ मधे. तिच्यात कंप्रेसर बॅटरीवर, इंजिनशी संबंधच नाही, सिग्नलला पण तेवढाच थंड करतो. फक्त रेंज खातो, इतकंच.

खरा त्रास मला विचाराल तर धुळीचा आहे. छत उघडं म्हणजे धूळ थेट आत, आणि रिसर्क्युलेशन ती ओढून घेतं. बऱ्याच गाड्यांत केबिन फिल्टर दोन्ही हवांना लागतो, पण काहींत तो फक्त बाहेरच्या हवेला असतो, आणि मग सगळा चिखल सरळ कॉइलवर. निफाड-लासलगावकडून येणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमधून मी कांद्याची सालं काढलेली आहेत, लाल, कुरकुरीत, मूठभर. उघडी फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या निम्म्या किलोमीटरवर बघा. कंडेन्सरला पाण्याचा मारा करायचा तो साध्या पाइपने, हळू, वॉशिंग सेंटरची ती प्रेशर गन लावली की पत्र्याच्या बारीक पाकळ्या वाकतात आणि हवा जायची बंद होते.

पार्किंगमधून काढताना एक फायदा मात्र कन्व्हर्टिबलवाल्यांनाच. उन्हात उभ्या गाडीत आत ६० डिग्री सहज होतं. तुम्ही छत उघडा, एक-दोन मिनिटं तशीच चालवा, सगळी भट्टी आभाळात गेली, मग छत लावून एसी. मिनीचं छत ३० च्या स्पीडपर्यंत चालता चालता बंद होतं, १८ सेकंद लागतात. पण दुपारी सिग्नलला छत उघडून मिरवायचं असेल तर डोक्याला टोपी हवी. एसी छातीवर गार लागतो आणि टाळू भाजत असते, शरीराला कळत नाही, घाम उडून जातो म्हणून तो आल्याचं लक्षात येत नाही, आणि घरी गेल्यावर डोकं धरतं. माझ्या एका गिऱ्हाइकाला त्र्यंबकहून येताना असंच ऊन लागलं, दोन दिवस झोपून होता आणि दोष एसीला देत होता. साडेअकरा ते साडेचार मी तरी छत लावूनच चालवा म्हणेन. आणि समृद्धीला इगतपुरीकडे तो जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यात उघडं जाऊ नका, धूर, आवाज, काही मजा नाही.

अवकाळी आला तर. छत लावता लावता सीट ओल्या होतात, मग काचा लावल्या की आतून धुकं धरतं. एसी चालू, हवा पुढच्या काचेवर, आणि इथे मात्र रिसर्क्युलेशन बंद. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा, कॉइल वाळते, कुबट वास येत नाही.

उन्हाळ्याचं इतकं लिहिलं पण खरी गंमत डिसेंबरमधे आहे. निफाडला पारा घसरतो तेव्हा सकाळी सहाला छत खाली, काचा वर, सीटमागची जाळी लावलेली, आणि हीटर पायावर फुल. हीटर फुकट असतो, इंजिनची वाया जाणारी उष्णता ती. द्राक्षबागांच्या मधून दिंडोरी रोडने जा, कानाला मफलर, मांडीवर ऊब. थंड हवा तळाशी बसते तशी गरम हवा वर पळते खरी, पण पायापासून सतत येत राहिली की पुरते.

गाडी दाखवायची असेल तर आणा, सकाळी दहाच्या आत, छत लावून. विंड डिफ्लेक्टरची जाळी मिळाली तर ती पण घेऊन या, कशी बसवायची दाखवतो. मेव्हण्यांना पण आणा, फक्त त्यांना उघड्या गाडीत मागच्या सीटवर बसवू नका, तिथे एसी अजिबात पोचत नाही, आणि मग त्यांचंच खरं ठरेल.